पहिला थर कोरा ठेव

अनेक आशीर्वाद.

परवा टिळकवाडीत तुझ्या खोलीवर लूपरवर, म्हणजे वाजवलेला तुकडा भरून पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या पेडलवर, तू गिटारचे चढवलेले सात थर ऐकले. शेवटी तू "काका, सगळं गढूळ का होतं?" असे विचारलेस, तेव्हा मी चहाचे निमित्त करून उत्तर टाळले; ते आता लिहितो. पिच शिफ्टर, म्हणजे स्वर वर-खाली सरकवणारे पेडल, चालू ठेवूनच तू पहिला थर भरतेस. तो थर कोरा ठेव, म्हणजे शिफ्टर बंद ठेवून भर.

गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 82 कंपने देते, म्हणजे एका कंपनाला 12 मिलिसेकंद लागतात, आणि स्वर ओळखून तो हलवणाऱ्या यंत्राला निदान तेवढे थांबावेच लागते. म्हणून सप्तकभर खाली उतरवलेला स्वर तुझ्या बोटांच्या किंचित मागून येतो. एकदाच वाजला तर कान ते चालवून घेतो, पण लूपमध्ये तोच उशीर प्रत्येक फेरीला परत येतो आणि पुढचे सगळे थर तू त्याच्यावर रचतेस. शिवाय शिफ्टर ओव्हरड्राइव्हच्या, म्हणजे आवाज फाडणाऱ्या पेडलच्या, आधी जोड; फाटलेल्या आवाजात त्याला स्वर नीट सापडत नाही.

भीमपलास रागाच्या तुकड्याला तू पंचमाच्या अंतराची जोड दिलीस, ती कल्पना मला फार आवडली. षड्जावर पंचम, कोमल गंधारावर कोमल निषाद, सारे जुळत गेले. अवरोहात धैवत लागताच मात्र यंत्राने शुद्ध गंधार काढला, जो या रागात नाही. त्याला अंतर तेवढे मोजता येते, राग तुला सांभाळायचा आहे. धैवताआधी पेडल बंद करायचे, इतकेच. वरच्या थरात हे चुकले तर तो थर पुसता येतो. पहिल्यात चुकले तर सगळेच पुसावे लागते, म्हणून पुन्हा सांगतो, पहिला कोरा. संपूर्ण लूपच उतरवायचा असेल तर शिफ्टर लूपरच्या नंतर जोड. मग तुझी चालू गिटारही त्याच्याबरोबर उतरेल, हे धरूनच वाजव.

वडगावात आमच्या घरी माग होते. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, चुकला की साडीभर चुकतो, हे मी लहानपणापासून पाहिले होते, आणि तरीही खानापूरला गणेशोत्सवाच्या मंडपात मी पहिल्याच थरात शिफ्टरने उतरवलेला खर्जाचा तो फुगवटा भरला. तिसऱ्या फेरीला तबलजींनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे नुसते पाहिले. मी स्पीकरला दोष दिला. ते पुन्हा माझ्याबरोबर कधी बसले नाहीत. तेव्हापासून मी या एका गोष्टीवर अडून बसलो, दोन चांगले वादक त्यापायी दुरावले, लोकांनी हेकट म्हटले. त्यात माझे काही चुकले असे मला वाटत नाही. बोलण्याची पद्धत थोडी चुकली असेल.

रविवारी येतो. तोवर आठ मात्रांचा एकच थर भर, दहा मिनिटे फिरू दे, आणि हात मांडीवर ठेवून ऐक. कंटाळा आला तर पुसून दुसरा भर. शिफ्टरची वायर मी परवा तुझ्याकडून निघताना माझ्याबरोबर घेऊन आलो आहे, शोधत बसू नकोस.