फुकट घ्या, पण नाव लावा

मी काढलेला फोटो क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘बाय-एसए ४.०’ परवान्याखाली खुला ठेवला होता (म्हणजे कुणीही वापरा, पण श्रेय द्या आणि फेरफार केलात तर तोही त्याच परवान्याखाली खुला ठेवा). एका वेबसाइटने तो उचलला. माझं नाव कुठेच नाही. काय करू?

आधी पुरावा धरून ठेवा. स्क्रीनशॉट घ्या आणि ते पान वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साइटवर, साठवा. तक्रार पोचली की पानं गायब होतात. मग साधी, न चिडलेली मेल लिहा. फोटो हटवा म्हणू नका, श्रेय द्या म्हणा. फोटो खुला ठेवला तो पसरावा म्हणूनच ना? नाव, मूळ दुवा, परवान्याचा दुवा अशी ओळ तुम्हीच तयार करून द्या, म्हणजे समोरच्याला फक्त चिकटवायची राहते. फोटोत फेरफार केला असेल तर तेही नोंदवायला सांगा.

अट मोडली की वापराचा हक्क आपोआप संपतो. मात्र परवान्याच्या ४.० या आवृत्तीत, चूक ध्यानात आल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर तो आपोआप परत मिळतो. आधीच्या ३.० मध्ये ही सवलत नाही, म्हणून आवृत्ती तपासूनच मेल लिहा. काही जण मुद्दाम जुन्या आवृत्तीत फोटो टाकून चुकणाऱ्यांकडून पैसे उकळतात. त्यांच्या वाटेने जाऊ नका.

मेलला उत्तरच येत नाही.

एकदा आठवण करा. मग होस्टिंग कंपनीला, म्हणजे ती साइट ज्यांच्या सर्व्हरवर आहे त्यांना, फोटो हटवण्याची नोटीस पाठवा. कंपनी अमेरिकेतली असेल तर तिथल्या १९९८ च्या डीएमसीए या डिजिटल कॉपीराइट कायद्यात त्याची ठरलेली पद्धत आहे. समोरच्याने ‘हटवणं चूक आहे’ अशी प्रतिनोटीस दिली तर मात्र कोर्टात जायची तयारी लागते. नाहीतर हटवलेला फोटो परत झळकतो.

त्या साइटवर जाहिराती आहेत. माझ्या फोटोवर कमाई कशी चालेल?

चालेल. बाय-एसए व्यापारी वापराला मोकळीक देतो. ती नको असेल तर ‘एनसी’ (व्यापारी वापर नको) असलेला परवाना निवडायचा होता. एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही.

विकिपीडियावर मी लिहिलेला मजकूर कुणी छापला तर विकिपीडिया चालवणारं विकिमीडिया फाउंडेशन भांडेल का?

सहसा नाही. मजकुराचा हक्क लिहिणाऱ्यांकडेच राहतो, त्यामुळे तक्रारही तुम्हीच करायची. तिथे प्रत्येकाचं नाव छापायची गरज नसते, मूळ लेखाचा दुवा दिला तरी श्रेय पोचतं. दुवा असेल तर श्रेयाबद्दल तक्रारीचा मुद्दा नाही.

आणि सगळे हक्क सोडून देणारा ‘सीसी झीरो’?

त्यात श्रेयाची अटच नाही. विनंती करा, नोटीस नको.