डिसेंबरात आवडलेलं घर जुलैत कसं असेल?

नोकरीनिमित्त पहिल्यांदाच कोकण किनाऱ्यावर राहायला जाणाऱ्या तरुण वाचकांचे काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. सगळे प्रश्न रत्नागिरीत जागा घेण्याबद्दलचे आहेत, पण उत्तरांतलं बरंचसं वेंगुर्ल्यापासून अलिबागपर्यंत लागू पडेल.

प्रश्न : मी २३ वर्षांचा, मूळचा सांगलीचा. रत्नागिरीत मिरजोळे एमआयडीसीत नोकरी लागली आहे. दोन जागा पाहिल्या. मांडवीला समुद्राजवळ एक खोली आणि स्वयंपाकघर, आणि कुवारबावला इमारतीत दुसऱ्या मजल्यावर तेवढीच जागा. भाडं जवळपास सारखं. समुद्राजवळ राहायची फार इच्छा आहे. माझ्याकडे मोटरसायकल आहे. कोणती घ्यावी?

उत्तर : कुवारबावची घ्या. समुद्र संध्याकाळी मोटरसायकलवरून जाऊनही पाहता येतो. मांडवीला राहिलात तर मात्र तोच समुद्र चोवीस तास तुमच्या सामानावर बसेल. वाऱ्याबरोबर येणारे खारे तुषार किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात सर्वांत जास्त असतात. मोटरसायकलची चेन, फ्रिजची मागची जाळी, गॅसच्या शेगडीचे बर्नर, खिडकीचे गज, सगळ्यांवर मिठाचा थर बसतो. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, म्हणून पाऊस नसतानाही गंज चालूच राहतो. शिवाय तुमची ड्यूटी मिरजोळ्याला, म्हणजे भर पावसात रोज सगळं शहर ओलांडायचं. कुवारबाव, नाचणे हा भाग वर सड्याच्या, म्हणजे जांभ्या खडकाच्या पठाराच्या बाजूला आहे. एमआयडीसी आणि रेल्वे स्टेशन दोन्ही जवळ पडतात. सांगलीला जा-ये करणाऱ्याला कोल्हापूर रस्ताही तिथूनच.

पण या भागाची दुखरी बाजू म्हणजे पाणी. शहराला नगर परिषद शीळ धरणाचं पाणी देते. कुवारबाव, नाचणे, मिरजोळे या ग्रामपंचायती आहेत, त्यामुळे इमारतीगणिक व्यवस्था वेगळी. कुठे ग्रामपंचायतीचं नळपाणी, कुठे स्वतःची विहीर, कुठे बोअर. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या गावात पाण्याची चिंता कसली, असं सांगलीच्या माणसाला वाटेल. हा पाऊस चार महिन्यांत पडतो आणि जांभ्याच्या सच्छिद्र सड्यातून झिरपून खाली खाडीकडे निघून जातो. एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात. म्हणून घरमालकाला 'पाणी आहे का?' असं विचारू नका, उत्तर 'आहे' असंच येणार. विचारायचं असं : गेल्या मेमध्ये पाणी किती दिवसांआड येत होतं? टँकर मागवला का, आणि त्याचे पैसे कोणी दिले? गच्चीवरची टाकी किती लिटरची आणि तिच्यावर किती बिऱ्हाडं? हेच प्रश्न खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूलाही विचारा. दोन उत्तरं जुळली नाहीत तर भाडेकरूचं खरं धरा.

दुसरी तपासणी ओलीची. नैर्ऋत्य मोसमी वारा समुद्राकडून येतो, त्यामुळे पावसाची झड पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या भिंती-खिडक्यांवर बसते. खोलीची एकच खिडकी असेल आणि ती पश्चिमेला, तर जून ते सप्टेंबर ती बंदच राहील आणि आत कपडे वाळणार नाहीत. खिडकीवर निदान दीड-दोन फुटांचा छज्जा हवा. दिवाळीनंतर घरांना रंग लावतात, तेव्हा समोरच्या भिंतीकडे पाहून काही कळत नाही. माळा, भिंतीतल्या कपाटाची आतली बाजू, न्हाणीघराचं छत, जिन्याखालची जागा इथे सहसा रंग पोचत नाही. तिथले पिवळे-काळे डाग पाहा. भिंत बोटाच्या पेराने ठोकत जा. बद्द, पोकळ आवाज आला तर गिलावा सुटला आहे. सगळ्यांत वरचा मजला असेल तर स्लॅबला तपकिरी रेघा किंवा उघड्या पडलेल्या सळ्या दिसतात का, ते बघा. सळई गंजली की फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. अशी जागा कितीही स्वस्त मिळाली तरी नको.

शक्य असेल तर पहिला महिना एखाद्या कॉट बेसिसच्या खोलीत काढा आणि कायमची जागा मेअखेरीस किंवा थेट जुलैत शोधा. तेव्हा घर स्वतःच सगळं सांगतं.

प्रश्न : मी आणि माझी मैत्रीण भाट्याच्या बाजूला जांभ्याचं कौलारू घर भाड्याने घेतोय. अंगण, विहीर, सगळं आहे. घरच्यांना काळजी वाटते. काय पाहून घ्यावं?

उत्तर : नीट राखलेलं कौलारू घर राहायला फार सुखाचं असतं, उन्हाळ्यात तर स्लॅबच्या घरापेक्षा कितीतरी थंड. प्रश्न राखण्याचाच आहे. भर दुपारी आत उभं राहून दिवे बंद करा आणि वर पाहा. जिथे उजेडाचे ठिपके दिसतील तिथली कौलं सरकली किंवा फुटली आहेत. वाशांवर आणि रिपांवर काळे ओघळ असतील तर तिथून पाणी गळतं, मातीच्या बारीक नळ्या असतील तर वाळवी आहे. माकडांचा वावर असेल तर पावसाळ्यातही कौलं सरकतात. तेव्हा मेमध्ये कौलं परतून देणं आणि मध्येच गळलं तर माणूस पाठवणं ही मालकाची जबाबदारी, असं करारात लिहून घ्या. घसरड्या कौलांवर तुम्ही स्वतः चढू नका.

जोतं दीड-दोन फूट उंच हवं. बसकं असेल तर जमिनीतली ओल भिंतीत चढते, लोणा लागतो आणि रंगाचे पापुद्रे पडतात.

भाट्ये काजळी नदीच्या खाडीवर आहे. खाडीजवळच्या विहिरीचं पाणी पावसाळ्यात गोडं असतं, पण उन्हाळ्यात गोड्या पाण्याची पातळी उतरली की खारं पाणी आत सरकतं आणि विहीर मचूळ होते. मेमध्ये चव घेऊन बघता आली तर उत्तम. नाहीतर दोन-तीनशे रुपयांत मिळणारा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा मीटर, आणा. लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी पिण्याला चांगलं, २००० च्या पुढे नकोच. हा मीटर क्षार सांगतो, जंतू नाही. त्यासाठी पाणी उकळायचं आणि संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून निदान ५० फूट लांब आहे ना, ते पाहायचं.

दोघीच राहणार, म्हणून आणखी तीन गोष्टी. रात्री आठनंतर एकदा जाऊन रस्त्यावर दिवे आहेत का आणि शेजारच्या घरांत माणसं आहेत का ते बघा. किनाऱ्याकडची कित्येक घरं मुंबईकरांची असतात आणि गणपती-मे सोडून बंद असतात. फोनची रेंज अंगणात नाही, आतल्या खोलीत दार लावून तपासा, कारण जांभ्याच्या जाड भिंतीत ती पडते. आणि वीजजोडणीला ३० मिलिअँपिअरचं ईएलसीबी, म्हणजे वीज कुठे झिरपली की लगेच पुरवठा तोडणारं उपकरण, बसवलेलं असावं. त्यावरचं टेस्टचं बटण दाबल्यावर वीज गेली पाहिजे. ओल्या भिंतींच्या घरात ते पावसाळ्यात वरचेवर पडतं. तेव्हा 'काढून टाका' म्हणणाऱ्या वायरमनचं ऐकू नका. वीज कुठून झिरपते ते शोधायला लावा.

प्रश्न : मालक म्हणतात, ११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, नोटरी पुरे. विजेचे पैसे सबमीटरवर प्रत्येक युनिटला ठरलेल्या दराने घेणार. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. खर्चाची भीती असेल तर त्यांना हिशेब दाखवा. भाडं ७,००० आणि परत मिळणारी अनामत २०,००० असेल, तर ११ महिन्यांचं भाडं अधिक अनामतीवरचं १० टक्क्यांनी व्याज मिळून सुमारे ७८,८०० होतात. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे दोनशेच्या आसपास. नोंदणी फी शहरात १,००० आणि ग्रामीण हद्दीत ५००. ऑनलाइन नोंदणी घरबसल्या होते.

सबमीटरबद्दल : महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे, पहिल्या १०० युनिटना सर्वांत कमी. दोन बिऱ्हाडं एका मीटरवर असली की युनिट एकत्र मोजले जाऊन वरच्या टप्प्यात जातात आणि कमी वीज वापरणाराही जास्त दर भरतो. आधी स्वतंत्र मीटर मागा. ते जमत नसेल तर दरमहा मूळ बिल पाहून युनिटच्या प्रमाणात वाटणी, असं ठरवा. अनामत बँकेतून द्या, ताबा घेताना मीटरच्या आकड्यासह प्रत्येक भिंतीचा व्हिडिओ काढून मालकांना पाठवा. ओलीने रंग उडाला तर तो अनामतीतून कापू नये, हे वाक्य किनाऱ्यावरच्या करारात विसरू नका.

प्रश्न : पावसाळ्यात कपड्यांना, पुस्तकांना बुरशी येते म्हणतात. फर्निचर असलेली खोली घ्यावी का?

उत्तर : प्लायवुडची कपाटं भिंतीला चिकटून असतील तर नको. मागे हवा खेळत नाही, तिथूनच बुरशी सुरू होते. रिकामी खोली घेऊन प्लॅस्टिकचं किंवा रंगवलेलं लोखंडी कपाट वीतभर पुढे ओढून ठेवा. चामड्याचे बूट, पट्टे आणि प्रमाणपत्रं घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह राहू द्या. जेल ओलावलं की बदला, नाहीतर डब्यात असून नसून सारखंच.