डी अँड डीमध्ये (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्र घेऊन फाशांवर खेळायचा साहसाचा खेळ) फ्लेम टंग ही आगीची तलवार पेटवली नसेल तरी डॅमेज, म्हणजे झालेली इजा, जादूचंच धरायचं का? आणि आगीचे फासे वेगळे मोजायचे का?

धरायचं. पेटलेली असो वा नसो. प्रश्न वाचून डोकं परत फिरलं, म्हणून लिहितोय.

बेळगावात टिळकवाडीला, पहिल्या रेल्वे गेटाजवळ एका मित्राच्या माडीवर आमचा खेळ चालायचा. निम्मी पोरं मराठी, निम्मी कन्नड. मी फायटर, हातात फ्लेम टंग. पेटवायचा शब्द 'बेंकी' (कन्नडमध्ये आग) ठेवलेला, ओरडायला झकास. एका पडक्या बुरुजावर गार्गॉईल, म्हणजे दगडी पंखवाला राक्षस, अंगावर आलं. पाळीत एकच मिळणारी माझी बोनस अॅक्शन सेकंड विंडमध्ये (स्वतःचा जीव भरून घेण्यात) गेलेली, त्यामुळे पेटवता आली नाही, तशीच हाणली. फासा आणि ताकद मिळून ९ बसले. डी.एम. (खेळ चालवणारा) म्हणतो, "आग नाही म्हणजे नुसतं लोखंड. रेझिस्टन्स आहे, निम्मे कर." रेझिस्टन्स असला की डॅमेज निम्मं लागतं. निम्मे म्हणजे ४, अपूर्णांक सोडून देतात ना. गार्गॉईलकडे जिवाचे ८ गुण उरले होते, हे खेळ संपल्यावर कळलं. म्हणजे ते तिथेच मरायला हवं होतं! त्याऐवजी पुढच्या पाळीत त्यानं आमच्या क्लेरिकला (पुजारी पात्राला) आडवं केलं, आणि डेथ सेव्ह (जीव वाचवायचे फासे) तीनही गेले. मी नियमांचं पुस्तक उघडून समोर धरलं, तर म्हणे "खेळ थांबवू नको रे."

२०१४ च्या पुस्तकात गार्गॉईलचा रेझिस्टन्स जादू नसलेल्या हल्ल्यांपुरता आहे, त्यातही अतिकठीण धातू अॅडमंटाइनचं शस्त्र वगळून. फ्लेम टंग ही मुळातच जादूची वस्तू. शब्द उच्चारला की फक्त आग चढते. म्यानातून काढली तेव्हापासून पात्याचा वार जादूचाच. +१ तलवारीचंही तेच. तिचा १ हल्ल्याच्या फाशात आणि डॅमेजमध्ये मिळतो, वार मात्र कापण्याचाच राहतो.

आगीचे २डी६ (सहा बाजूंचे दोन फासे) वेगळे मोजा, कारण त्यांचा प्रकार वेगळा. फायर एलिमेंटलवर (आगीचाच राक्षस, त्याला आग लागत नाही) पेटलेली फ्लेम टंग मारलीत तर आगीचे शून्य, पात्याचे पूर्ण. क्रिटिकल, म्हणजे वर्मी घाव, बसला तर फासे दोन्हीकडचे दुप्पट, ताकदीचा आकडा नाही.

घरचा नियम करायला माझी ना नाही, पण तो खेळाआधी सांगा. क्लेरिक मेल्यावर सुचलेल्या नियमाला आमच्याकडे रडीचा डाव म्हणतात. तो डी.एम. अजून भेटला की "माझं टेबल, माझे नियम" म्हणतो. त्याला हे उत्तर पाठवणार आहे.

हां, एक राहिलं. वरचं सगळं २०१४ च्या नियमांचं. नव्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये (राक्षसांच्या पुस्तकात) 'जादू नसलेल्या हल्ल्यांना रेझिस्टन्स' हा प्रकारच काढून टाकलाय, वेअरवुल्फलासुद्धा (लांडगा होणाऱ्या माणसाला) आता साध्या तलवारीनं इजा होते. तुमच्याकडे कुठलं पुस्तक चालतं ते आधी विचारून घ्या.