हळद दाबली, मग टीटी कशाला?

प्रश्न : नमस्कार जी. आमच्या पोराले धुऱ्यावरचं गवत कापताना पायाले इळा लागला, चांगला खोल. सासूबाईनं घरची हळद दाबली, रक्त थांबलं. मी म्हटलं टीटी, म्हणजे धनुर्वाताचं इंजेक्शन, घेऊन ये, तर पुतण्या बीएस्सीले आहे, तो म्हणते काकू हळदीत कर्क्युमिन असते, अँटिऑक्सिडंट अन् अँटिमायक्रोबियल दोन्ही, सायन्सनं सिद्ध झालं, इंजेक्शन कायले. पोरगंही सुईले भेते. खरं काय?
– एक वाचक, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

उत्तर : ताई, तुम्हाला फोनवर त्याच दिवशी सांगितलं की आधी दवाखान्यात न्या, पण हा प्रश्न घरोघरी निघतो म्हणून इथे लिहितो.

सासूबाईंना काही बोलू नका. जखमेवर हळद लावायचं अमेरिकेत 1995 मध्ये कोणीतरी पेटंट घेतलं होतं, आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन 1997 मध्ये ते रद्द करायला लावलं, म्हणजे ही अक्कल आपल्या आज्यांचीच.

पण पुतण्या जे सिद्ध झालं म्हणतो ते काचेच्या प्लेटमधलं. प्लेटवर जंतू वाढवायचे, अर्काचा थेंब टाकायचा, भोवती जंतू न उगवलेलं गोल रिंगण दिसलं की झालं अँटिमायक्रोबियल. कडुनिंब, ओव्यातलं थायमॉल, लवंगेतलं युजेनॉल, सगळे अशी रिंगणं काढतात. तिथे अर्क मोजून घेतलेला असतो. आपली हळद उकडली तरी नंतर अंगणात वाळते, तिथे माती, कोंबड्या, गुरं सगळं आलं. धनुर्वाताचे जंतू माती अन् शेणातच असतात, त्यांचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेले जंतू, उकळत्या पाण्यातही काही वेळ तग धरतात आणि खोल जखमेत, जिथे हवा पोचत नाही, तिथेच ते वाढतात. वरून हळद दाबून तिथे काय पोचणार? जखम नळाखाली साबणानं धुवायची, अन् मळक्या जखमेला शेवटचा डोस 5 वर्षांच्या आतला नसेल तर सुई घ्यायचीच. आता टीटीच्या जागी टीडी देतात, त्यात घटसर्पाचीही लस असते.

अँटिऑक्सिडंट म्हणजे जुनं तेल हवेनं खवट होतं ना, ते रोखणारं. कर्क्युमिन ते करतं, पण पोटातून रक्तात फार कमी जातं. 1998 मध्ये बंगळुरूत माणसांना 2 ग्रॅम कर्क्युमिन दिलं तर रक्तात जेमतेम सापडलं, सोबत 20 मिलिग्रॅम पायपरिन, म्हणजे मिऱ्यातलं तिखट, दिलं तर 20 पट वाढलं. तुमच्याकडच्या जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेल्या वायगाव हळदीत कर्क्युमिन 6 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 2 ग्रॅमसाठी 33 ग्रॅम पावडर लागेल, दुधात कोण पिणार एवढी! भाजीत खा, मस्त आहे.

पुतण्याला म्हणा, सरांना विचारून घरची हळद अर्क न काढता तशीच प्लेटवर भुरभुरव, दोन दिवस ठेव अन् काय काय उगवलं ते काकूला दाखव.