‘अप’चा उत्तरार्ध फिका का वाटतो?

प्रश्न : ‘अप’ (2009) या अ‍ॅनिमेशनपटाची सुरुवात पाहून घरातले सगळेच हेलावले; पुढचा भाग मात्र मुलांना आवडला आणि मला फिका वाटला. असे का व्हावे?

उत्तर : पीट डॉक्टर दिग्दर्शित या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले, तरी तुमची तक्रार रास्त आहे. कार्ल आणि एली यांचा अवघा संसार सुरुवातीच्या काही मिनिटांत, संवादाचा आधार न घेता, केवळ चित्रांतून आणि मायकेल जियाकिनो यांच्या संगीतातून उलगडतो. प्रवासासाठी पैसे साठवलेली बरणी कधी गाडीच्या टायरसाठी, कधी मोडलेल्या पायासाठी, तर कधी छपरासाठी फुटते आणि स्वप्न पुढे ढकलले जाते, हे एकही शब्द न उच्चारता कळते. एवढी उंची गाठल्यावर विमाने चालवणाऱ्या कुत्र्यांची धावपळ (विनोद म्हणून ती झकास आहे) थिटी वाटणारच.

खरी उणीव मंट्झ या खलनायकात आहे. कार्लच्या बालपणीचा हा आदर्श माणूस क्रूर कसा झाला, हे पुरेसे न उलगडता पटकथा त्याला घाईने पाठलागाला जुंपते. शिवाय जिन्यावरून उतरायला यांत्रिक खुर्ची लागणारा कार्ल शेवटी हवेत लोंबकळत झुंजतो, हे पचायला जड जाते. तरीही उत्तरार्ध सरसकट मोडीत काढू नये : फुग्यांना बांधून उडवलेले घर पुन्हा उडावे म्हणून कार्ल जपलेले सामान स्वतःच्या हाताने बाहेर टाकतो, तो प्रसंग सुरुवातीच्या तोडीचा आहे.