जर्मनीला गेल्यावर हलगी सोडावी लागेल का?

तुम्ही लिहिलंय की वय 23, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहता, हलगी वाजवता, ऑक्टोबरमध्ये शिकायला जर्मनीला निघालाय आणि घरचे म्हणतात, "आता ते बंद." मी सहा वर्षांपूर्वी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतून स्टुटगार्टकडे आलो. माझी हलगी सुटली नाही, पण दोन वर्षं गप्प होती.

घरच्यांचं आधी. आमच्यात हलगी आज्ज्याची. त्याला ती वाजवावी लागायची. मयत, वरात, जत्रा, बोलावतील तेव्हा जायचं आणि देतील ते घ्यायचं. म्हणून वडिलांनी ती टाकली. बाबासाहेबांचा फोटो लावला आणि हलगीची खुंटी उपटून काढली. मी कॉलेजात ती पुन्हा हातात घेतली तेव्हा चार महिने माझ्याशी बोलले नाहीत. तुमच्याकडे कारण वेगळं असेल, नुसती पैशाची काळजीही असेल. पण ते एकदा नीट विचारून घ्या, विमानतळावर भांडू नका.

आता व्यवहाराचं. हलगी न्या, पण फायबरच्या पानाची, म्हणजे ज्यावर वाजवतो तो पडदा फायबरचा. मी चामड्याची नेली होती. चामडं सैल पडलं की शेकून ताणावं लागतं, आणि इथं घरात जाळ करून शेकायची सोय नाही, छतावरचा धुराचा अलार्म बोंबलतो. मग मी ती हीटरवर ठेवायचो. कोल्हापुरात पावसाळ्यात शेकून शेकून जीव जातो, इथं हिवाळ्यात बंद घरातली हवाच इतकी कोरडी की पान आपोआप कडक. खूश होतो. जानेवारीत एका रात्री टर्रकन फाटलं.

रात्री दहानंतर आणि रविवारी दिवसभर आवाज चालत नाही. म्हणजे नेमकी सुट्टी असते तेव्हाच बंद! मी शनिवारी नेकार नदीच्या एका पुलाखाली जायचो. पण भावा, हलगी बोलते आणि घुमकं, म्हणजे साथीचं जाड आवाजाचं वाद्य, हुंकार देतं. हुंकारच नसेल तर दहा मिनिटांत आपलं आपल्यालाच नको होतं. माझी हलगी गप्प झाली ती कामामुळं नाही, शेजाऱ्यांमुळं नाही, यामुळं.

इथल्या मराठी लोकांच्या गणपतीत ढोल-ताशा असतो, पांढरे कुर्ते, झेंडे, सगळं शिस्तीत. मी हलगीचं काढलं तर एक बाई म्हणाल्या, "ती मयताला वाजवतात तीच ना?" म्हटलं, हो, तीच, कुस्तीच्या मैदानात आणि जोतिबाला वाजते तीही तीच. त्या दुसऱ्या विषयावर गेल्या, मी पुढच्या वर्षी गेलोच नाही. माझा मूर्खपणा. त्याच ढोलवाल्यांत साताऱ्याचा एक पोरगा होता, घुमकं वाजवणारा, आणि मला तो दोन वर्षांनी सापडला. तुम्ही पहिल्या महिन्यातच शोधा. कैताळ, म्हणजे साथीची झांज, नसलं तरी चालतंय.

चैत्र पौर्णिमा मात्र जड जाते, ते खोटं सांगत नाही. आमची पोरं जोतिबाच्या डोंगरावरून व्हिडिओ कॉल करतात. सासनकाठ्या नाचताना दिसतात, गुलाल दिसतो, टिपरू, म्हणजे हलगीची काठी, धरलेले हात दिसतात, आणि हलगी ऐकू येत नाही. अ‍ॅपला ती गोंगाट वाटते, गिळून टाकतं. कुणी "चांगभलं" ओरडलं तर तेवढं स्वच्छ येतं. आता त्यांना सांगितलंय, कॉल करू नका, रेकॉर्ड करून पाठवा. माझ्या जागी धाकटा चुलतभाऊ वाजवतो. माझ्यापेक्षा चलाख हात आहे त्याचा. रेकॉर्डिंग मी पूर्ण ऐकतो, पण लगेच नाही.

गेल्या उन्हाळ्यात वडील आले होते. मी आणि तो साताऱ्याचा पोरगा पुलाखाली वाजवत होतो, ते लांब बाकावर बसून होते. परत येताना ट्राममध्ये विचारलं, "इथं तुला कोण बोलावतंय का वाजवायला?"

"नाही."

"पैसे?"

"कोण देणार?"

थोड्या वेळानं म्हणाले, "मग वाजव."