जानेवारीत कोकण किनाऱ्यावर पाठीवर इंग्रजी ‘एम’ (M) अक्षरासारखी काळी खूण असलेला कुरव (सीगल) दिसला. कोणता, आणि किती वयाचा?

वर्णनावरून हा काळ्या पायांचा किटीवेक (कुरवांचीच एक जात), पहिल्या हिवाळ्यातला, म्हणजे साधारण सहा-सात महिन्यांचा वाटतो. पण भारतात तो भरकटूनच येतो, म्हणून आधी काळ्या डोक्याच्या कुरवाचं पिल्लू नाही ना, हे तपासा. तेही पंखांवर तिरपा पट्टा दाखवतं, पण तो तपकिरी असतो, पंखाच्या मागच्या कडेलाही गडद पट्टी असते आणि पाय नारिंगीसर असतात. किटीवेकची ती मागची कडा पांढरीशुभ्र, त्रिकोणासारखी उठून दिसते. उडतानाच्या फोटोत सगळ्यात आधी तीच शोधा. सोबत मानेमागे काळा अर्धा पट्टा, काळी चोच, गडद पाय आणि शेपटीच्या टोकाला काळी पट्टी.

आकारही सांगा, शेजारच्या पक्ष्याशी तुलना करून: छोट्या कुरवाच्या पिल्लालाही ‘एम’ असतो, पण तो जेमतेम 25-27 सेंमी, किटीवेक 38-40.

वय ठरवताना मानेच्या पट्ट्यावर फार विसंबू नका. वसंतापर्यंत तो पुसट होतो, ‘एम’ झिजून तपकिरी पडतो आणि चोच बुडाकडून पिवळी होऊ लागते. दुसऱ्या हिवाळ्यात ‘एम’ जातो, मात्र पंखाच्या बाहेरच्या भागात काळ्या खुणा उरू शकतात. प्रौढाची चोच पूर्ण पिवळी आणि पंखांची टोकं शाईत बुडवल्यासारखी काळी, पांढऱ्या ठिपक्यांशिवाय.

बसलेल्या पक्ष्याच्या एकाच फोटोवरून मात्र नोंद पक्की करू नका, पंख पसरलेला एक तरी फोटो हवाच.